सोमवार नंदीचा, शुक्रवार कुणाचा

कार्तिक वद्य द्वितीया, बुधवार. फसली सन १३४८. लातूर.

माझा नातू, थोरल्या लेकाचा वीरभद्र, हैदराबादेहून कायदा शिकून आला आणि आल्या आल्या मलाच शिकवायला बसला. म्हणाला, "अव्वा, आता तोंडचा शब्द चालत न्हाई. कागदावर असंल तेच खरं." बरं बाबा. मग माझंही कागदावर असू दे. मला अक्षर येत नाही, पण तोंड आहे, आणि ते अजून शाबूत आहे. वीरभद्राची बायको चंद्रप्रभा जळकोटच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेली. ती लिहील, मी सांगेन. सांगते तसंच लिहायचं, पोरी. तुझ्या नवऱ्याला शिवी घातली तर तीही लिहायची. हसते काय, लिही.

तर आमच्या तेलाच्या गिरणीची कंपनी होणार आहे. त्याआधी गिरणी कुणाची ते लिहून ठेव, नाहीतर उद्या तेही विचारतील.

माझ्या मालकाने घाणा घातला तेव्हा बैल होते. आम्ही लिंगायत. सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही, म्हणून सोमवारी घाणा बंद. बाकीचे सहा वार मालकाने घरात वाटून दिले. मंगळवार-बुधवार थोरल्या गुरुपादप्पाचे. गुरुवार-शनिवार मधल्या शिवमूर्तीचे. शुक्रवार धाकट्याचा, रविवार माझ्या म्हातारपणाचा. ज्याच्या वारी जेवढी करडी गाळली, तेवढी मजुरी आणि पेंड त्याची. ना हिशेब, ना तंटा. धाकटा पटकीच्या साथीत गेला, तेव्हा शुक्रवार त्याच्या बायकोचा झाला. लक्ष्मम्मा तिचं नाव. ती मागच्या अंगणात वेगळी राहते, आपली चूल आपण पेटवते, लेकीला वाढवते, कुणाच्या ताटाखाली नाही. वाराचं एक बरं असतं. तो कुणाला विचारून येत नाही. गुरुवार सरला की शुक्रवार येणारच, जाऊबाईचं तोंड कसंही असो.

दोन वर्षांपूर्वी बैल गेले आणि इंजिन आलं. शुक्रवारी सरकारी दफ्तरं बंद, जकातीची नाकं बंद, म्हणून गिरणीही शुक्रवारी बंद ठेवायची असं पोरांनी ठरवलं. सोमवारी मात्र चालू. मी म्हणाले, "सोमवारी कसं?" तर म्हणे इंजिनात घोडे असतात, बैल नसतात. घोड्यांना सोमवार नाही. चला, घोडे सुटले नि लक्ष्मम्मा अडकली. तेव्हाच मी सांगितलं की तिचा शुक्रवार गेला, तर हा नवा सोमवार तिचा. गुरुपादप्पा "हाव अव्वा" म्हणाला. दोन वर्षं तसंच चाललं आहे. तोंडच्या शब्दावर.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, रविवार.

आज कंपनीचे कागद करायला वकीलसाहेब आले. शेरवानी उत्तम, चहा तीन कप. गिरणीच्या वजनाच्या खोलीत बसून त्यांनी समजावलं. आता वार नाहीत, हिस्से. एका वाराचे शंभर हिस्से. वर्षाच्या शेवटी नफा झाला तर हिश्शांवर वाटायचा, त्याला डिव्हिडंड म्हणतात. शिवमूर्ती मान हलवत होता. तो जन्मल्यापासून मान हलवतो आहे.

कंपनीला सात माणसं लागतात म्हणे. आमच्यात तीन पुरुष. मग वकीलसाहेबांनी बोटं मोजली आणि बायका आठवल्या. मी तर आहेच. नांदेडला दिलेली माझी लेक धोंडाबाई, लक्ष्मम्मा आणि आमची ही चंद्रप्रभा, या तिघींना दहा-दहा हिस्से. वीरभद्रालाही दहा. ते सगळे गुरुपादप्पाने आपल्या मंगळवारातून काढून दिले. वीरभद्र म्हणाला, "नावापुरतंच हाय अव्वा. सात भरायला."

मी सोमवारचं विचारलं. गुरुपादप्पाने असं मोठं देवाचं तोंड केलं. "अव्वा, सोमवार आपण कुणाचा मानत आलो? नंदीचा. मग सोमवारचे हिस्से नंदीच्याच नावानं. मी नुसता त्याचा पंच, राखणदार."

माझे डोळे भरून आले. आवारात जुन्या घाण्याच्या जागी आमचा दगडी नंदी आहे, त्याच्याकडे बघून मी हात जोडले आणि अंगठा उठवला. माझ्या पोटचा पोर एवढा धर्माचा निघेल असं वाटलं नव्हतं.

चंद्रप्रभा इथं थांबली आहे. काय ग? "काही न्हाई अव्वा, शाई वाळली." थंडीत शाई वाळते होय? बरं.

चैत्र वद्य तृतीया, शुक्रवार.

शाई कशाला वाळली होती ते आज कळलं. लिही, ठळक लिही.

लक्ष्मम्मा सकाळी आली, हातात रिकामी परडी. पोर कधी काही मागत नाही, म्हणून मागायला लागली की समजावं पाणी गळ्याशी आलं. म्हणाली, "अव्वा, माघापासून सोमवारचं काही आलं न्हाई. पेंडही न्हाई. मी भावजींना इचारलं तर म्हणाले, सोमवार नंदीचा हाय, नंदीला इचार."

नंदीला विचार. बघा बोलणं.

मी गुरुपादप्पाला बोलावलं. तो गूळ-पोहे खात आला.

"लक्ष्मम्माचा सोमवार कुठंय?"

"अव्वा, तो तिचा कधीच नव्हता. कागदात बघ. शुक्रवार तिचा, अन् शुक्रवार सुट्टीचा. सुट्टीच्या वाराला हिस्से कसे काय देणार? गिरणी चालतच न्हाई त्या दिशी."

"अन् ती सुट्टी कुणी दिली?"

"सगळ्यांनी मिळून."

"तिला इचारलं होतं?"

त्याने पोह्यातला शेंगदाणा शोधला आणि खाल्ला.

म्हणजे बघ चंद्रप्रभा, यांनी काय केलं. वार बंद केला आणि मग म्हणाले, बंद वाराला वाटा नाही. बैलाला बांधून ठेवायचं आणि मग म्हणायचं, चालत नाही, याला वैरण कशाला. आणि बदल्यात जो वार दिला, तो देवाच्या गळ्यात घातला आणि देवाची दोरी आपल्या हातात धरली. माझा अंगठा घेऊन. माझ्या भक्तीवर त्याने गिरणी चालवली. करडीसुद्धा इतकी पिळत नाहीत.

मी म्हणाले, "नंदी खातो का रे तुझ्या हातून? मला दाखव तरी, त्याच्या तोंडाला पेंड लागली का."

तो म्हणाला, "अव्वा, घरातली गोष्ट हाय, तू तापू नको. लक्ष्मम्मा उपाशी थोडीच राहील? चूल मोडावी, आमच्यात यावं. दोन घास खावेत, दोन भाकरी टाकाव्यात."

दोन भाकरी. थोरल्याच्या घरात जेवणारी किती माणसं आहेत ते मला माहीत आहे. स्वयंपाकाला बाई ठेवली तर तिला महिना द्यावा लागतो. विधवा भावजयीला ठेवलं तर उलट पुण्य लागतं.

लक्ष्मम्मा दाराआड उभी होती. परडी तिने छातीशी धरली होती.

वैशाख शुद्ध द्वादशी, सोमवार.

मी ठरवलं, सोपं आहे. माझा रविवार माझा आहे ना? शंभर हिस्से माझ्या नावाचे. ते लक्ष्मम्माला देते. म्हातारीला काय, दोन लुगडी पुरतात.

वीरभद्र म्हणाला, "न्हाई देता येत अव्वा. नियम हाय. तिन्ही संचालकांच्या परवानगीबगर हिस्से दुसऱ्याच्या नावानं करता येत न्हाईत."

"संचालक कोण?"

"आप्पा, शिवकाका अन् मी."

"म्हणजे माझी वस्तू द्यायला मी माझ्याच पोरांची अन् नातवाची परवानगी घ्यायची?"

"परक्या माणसानं घुसू नये म्हणून असतो तो नियम."

"लक्ष्मम्मा परकी व्हय? वकील घुसला तेव्हा कुठं गेला होता तुझा नियम?"

शिवमूर्तीकडे गेले. तो म्हणाला, "अण्णा म्हणंल तसं." हा माझा मधला मुलगा. याचं बारसं झालं तेव्हा जिवंत माणसाचं नाव ठेवतेय असं मला वाटलं होतं, निघाली नुसती मूर्ती.

आज सोमवार. इंजिन धडधडत आहे. चाकूरहून करडीच्या गाड्या आल्या आहेत. मागच्या अंगणात धूर दिसला, म्हणजे आज तरी लक्ष्मम्माने काही शिजवलं. काय शिजवलं ते विचारायला मी गेले नाही. विचारलं तर तिला सांगावं लागेल.

ज्येष्ठ शुद्ध दशमी, रविवार.

मी वीरभद्राला विचारलं, "बरं, हिस्से देता येत न्हाईत. पण माझ्या हिश्शाचं डिव्हिडंड आलं की ते मी तिला देईन. त्याला तर परवानगी लागत न्हाई?"

"न्हाई."

"मग कधी येतंय?"

"संचालकांनी शिफारस केली अन् सभेत ठराव झाला की."

"अन् करणार का शिफारस?"

मी त्याला खोदून खोदून विचारलं. मग कळलं. यंदा करायची नाही असं आधीच ठरलं आहे. नफा नव्या इंजिनासाठी राखून ठेवायचा. आणि गुरुपादप्पाला मॅनेजर म्हणून पगार, वीरभद्राला सेक्रेटरी म्हणून पगार. पगार आधी निघतो, नफा मग उरतो. उरला तो राखला. म्हणजे ज्यांच्या हातात पळी आहे त्यांनी आधी वाढून घ्यायचं आणि बाकीच्या पंगतीला सांगायचं, पातेलं पुढच्या सणाला लागेल, झाकून ठेवू.

"अन् शिवमूर्तीला काय पगार?"

"काका तर काटा बघत्यात. ते घरचेच हायेत."

घरचा म्हणजे फुकट. हे मला आता पाठ झालं आहे.

म्हणून म्हणते, वार बरा होता. वाराला ठराव लागत नव्हता. मंगळवारनं कधी बुधवारला अडवून म्हटलं नाही की यंदा तू येऊ नको, आम्ही तुला राखून ठेवतो.

हे मी बोलले तेव्हा चंद्रप्रभेने पान उलटलं आणि मान वर न करता विचारलं, "अव्वा, सभेत हात मोजतात का हिस्से?"

मला काय माहीत पोरी. तुझा नवरा वकिलाचा अर्धा भाऊ, त्याला विचार.

"मी त्यांना न्हाई इचारत," ती म्हणाली. "त्यांच्या बुकात बघते."

तिला एवढी वाचायची आवड असेल असं वाटलं नव्हतं.

अधिक श्रावण वद्य पंचमी, शनिवार.

बुकात सापडलं. हात मोजतात. एका माणसाचा एक हात, हिस्सा दहाचा असो की दोनशेचा. कुणी हरकत घेतली तर मग हिस्से मोजतात. आणि सभेत ठराव झाला की तो संचालकांनाही पाळावा लागतो.

मी बोटं मोजली. गुरुपादप्पा, शिवमूर्ती, वीरभद्र. हे तीन. मी, धोंडाबाई, लक्ष्मम्मा, आणि... मी चौथं बोट वर धरलं आणि चंद्रप्रभेकडे पाहिलं. ती टाक पुसत होती. पुष्कळ वेळ पुसला.

मी म्हणाले, "पोरी, तुला मी सांगणार न्हाई. तुझा नवरा हाय तो."

तिने नवा कागद पुढे ओढला. नांदेडच्या धोंडाबाईला पत्र लिहायला घेतलं, "दिवाळीला आठ दिवस आधीच या." मी सांगायच्या आधीच तिने तारीख घातली होती.

ठराव मी सांगितला, तिने कायद्याच्या भाषेत बसवला. मी सांगितलं, "नंदीच्या नावानं चाललेली लबाडी बंद करा." तिने लिहिलं, सोमवारचे शंभर हिस्से लक्ष्मम्माच्या नावे व्हावेत, आणि पगार धरूनही जो नफा उरेल त्याचा अर्धा दरसाल सर्व हिश्शांवर वाटावा. अर्थ तोच, पण माझ्या वाक्यात जोर जास्त होता.

आश्विन वद्य पंचमी, गुरुवार.

सभा झाली. बस, सगळं सांगते. म्हणजे तू तिथं होतीसच चंद्रप्रभा, पण कागद नव्हता ना.

वजनाच्या खोलीत तरट अंथरलं होतं. दारातून नंदी दिसत होता. धोंडाबाई परवा सर्व्हिस मोटारीतून आली, अंगावर धुळीचा थर आणि तोंडात भावांसाठी आशीर्वाद. गुरुपादप्पा मधे बसला. बायका भिंतीकडे. वकीलसाहेबांनी वाचलं की यंदा डिव्हिडंड नाही, मंजूर असलेल्यांनी हात वर करावेत.

तीन हात वर. शिवमूर्तीचा थोडा उशिरा.

"नामंजूर?" वकीलसाहेबांनी कागद गुंडाळतच विचारलं.

मी हात वर केला. बांगड्या नाहीत माझ्या हातात, आवाज झाला नाही. धोंडाबाईच्या वाजल्या. मग लक्ष्मम्माने केला, कोपरापर्यंतच, पण केला. वीरभद्र आपल्या बायकोकडे बघत होता. तिने पदर सावरला, दोन्ही खांद्यांवरून घेतला, आणि हात वर केला. सरळ.

वकीलसाहेबांनी कागद परत उलगडला.

मग धोंडाबाईने आमचा ठराव दिला. वकिलानेच वाचला, बिचारा. गुरुपादप्पा लाल झाला. "ह्या बायका सात भरायला घेतल्या होत्या."

मी म्हणाले, "भरले की. आता ऊतू गेलं तर चुलीला का दोष देतो?"

"हात नका मोजू," तो म्हणाला. "हिस्से मोजा. मला हक्क हाय."

वकीलसाहेब म्हणाले, हक्क आहे.

मी उठले. दाराशी गेले. म्हणाले, "मोज. पण गुरुपादप्पा, तुझे मंगळवार-बुधवार मोज, ते तुझे. सोमवार मोजताना हितं दारात ये, अन् नंदीकडं बघून सांग की हा हात त्याचा हाय. लक्ष्मम्माची चूल मोडायला नंदीनं हात वर केला, असं त्याच्या तोंडावर सांग. मग मी अंगठा देते लागंल तिथं."

तो आला नाही. पण मोजायला मात्र सांगितलं. बसल्या जागेवरून. हे मी विसरणार नाही.

मंगळवार, बुधवार आणि नंदीचा सोमवार, तीन वार तिकडे. माझा एक रविवार इकडे. आता शिवमूर्ती. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने काट्याकडे बघितलं. विचारलं, "साहेब, हे डिव्हिडंड सगळ्या हिश्शांवर ना? माझ्या पन?"

"सगळ्या."

"दरसाल?"

"दरसाल."

"मग माझे दोन वार अव्वाकडं धरा."

अखेर माझ्या दुधाची त्याला आठवण झाली. इतकी वर्षं मान हलवत होता, आज योग्य बाजूला हलवली.

तीन वार इकडे, तीन वार तिकडे. काटा बरोबर मधे उभा. आणि मग वकीलसाहेब ते दहा-दहा मोजायला लागले, मंगळवारातून काढलेले. वीरभद्राचे दहा तिकडे. धोंडाबाईचे इकडे. लक्ष्मम्माचे इकडे. चंद्रप्रभेचे इकडे. जे सात भरायला दिले, त्यांनीच आमचं पारडं खाली आणलं. ठराव मंजूर.

वकीलसाहेबांनी चहा घेतला नाही. मी आग्रह केला होता.

कार्तिक शुद्ध द्वितीया, सोमवार. भाऊबीज.

धोंडाबाईने दोघा भावांना ओवाळलं. गुरुपादप्पाने ताटात टाकलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. बघेल. मी मरायच्या आत बघितलं नाही तर खांदा द्यायला तरी यावंच लागेल.

कंपनीकडून पहिला नफा वाटला गेला. लक्ष्मम्माचा वेगळ्या पाकिटात. तिने ते नंदीपुढे ठेवलं, मग उचललं. आज तिच्या अंगणात तळणीचा वास आहे. तिची लेक इकडे करंज्या घेऊन आली. त्या जरा जाड आहेत. खाल्ल्या.

आता राहिली एक गोष्ट. ही लिही म्हणते तर पोर लिहीत नाही. थांबली आहे हे तरी लिही. लिहिलंस? वाच. हं.

सभेपासून वीरभद्र बायकोशी बोलत नाही. जेवायला वाढलं की ताट फिरवून ठेवतो. परवा एक कागद घेऊन आला की तुझे दहा हिस्से माझ्या नावानं करून दे, सही कर. मी तिथंच वाती वळत बसले होते. म्हणाले, "वीरभद्रा, तिन्ही संचालकांची परवानगी हाय का? परक्या माणसानं घुसू नये म्हणून तो नियम असतो."

तो शिवमूर्तीकडे गेला. शिवमूर्ती म्हणाला म्हणे, "इचार करून सांगतो." त्याचं डिव्हिडंड त्याच्या खिशात होतं. विचार करायला आता त्याला पुष्कळ वेळ आहे.

चंद्रप्रभेच्या डोळ्यांना पाणी आलं. धूर गेला म्हणाली. या खोलीत धूर नाही. लक्ष्मम्माची चूल अंगणापलीकडे आहे, एवढ्या लांबून धूर येत नाही, हे मला अक्षर न येताही कळतं.

पोरी, ऐक. तुझा नवरा वाईट नाही, नुसता बापाचा आहे. दमला की बोलेल. नाही बोलला तर ही वही आहे, मी आहे, आणि बोलायला माझ्यापाशी कधी कमी पडलं नाही.

हे सगळं तू लिहिलंस आणि कुठंच तुझी सही नाही. माझा अंगठा त्यांनी पुष्कळ कागदांवर घेतला. तुझं नाव त्यांनी हिश्शाच्या कागदावर घातलं, सात भरायला. इथं मी घालायला सांगते, कशात भर घालायला नाही. शेवटच्या ओळीखाली लिही. लाजते काय. मोठ्या अक्षरात.

लिहिणारी, चंद्रप्रभा.